डग्ग्याचा घुमारा नीट ऐकू येईल असा हेडफोन कोणता घ्यावा?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. गेले तीन आठवडे मी हेडफोनच्या शोधात आहे आणि अजून निर्णय होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. माझे ऐकणे दोन वेळांचे असते. रात्री घरातली मंडळी झोपल्यानंतर तासभर ख्याल किंवा स्वतंत्र तबलावादन ऐकते आणि सकाळी हिंजवडीला जाताना पीएमपीच्या बसमध्ये चित्रपटसंगीत ऐकते. लहानपणी आठ वर्षे तबला शिकले असल्यामुळे माझा कान आपोआप डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या सुराच्या वाद्याकडे, जातो, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

सध्या माझ्याकडे कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा, तीन वर्षे वापरलेला हेडफोन आहे. त्यात तबल्याचा ‘ना’ अगदी स्वच्छ वाजतो, परंतु ‘गे’ वाजवताना वादक मनगट दाबून पुढे सरकवतो आणि आस (बोलामागे रेंगाळणारा नाद) घुमत वर चढते, ती जवळजवळ ऐकूच येत नाही. मिटलेला ‘क’ आणि खुला ‘गे’ यांत फरक उरत नाही. त्रितालात खालीच्या (हलक्या भागाच्या) मात्रांना डग्गा गप्प होतो आणि भरीला (भरीव भागात) परत येतो, हे ज्याला ऐकू येत नाही त्याला ठेक्याचे अर्धे सौंदर्य कळत नाही, असे मला मनापासून वाटते.

मागच्या आठवड्यात एका दुकानात ‘जोरदार बास’ म्हणून एक हेडफोन ऐकून पाहिला. तिथे उलटाच त्रास झाला. डग्ग्याचा प्रत्येक बोल एकाच सुरात धम्म वाजत होता, मींड (सुराचे सलग सरकणे) त्यात बुडून गेली होती आणि गायकाच्या खर्जावर (खालच्या सुरांवर) जणू घोंगडी पांघरली गेली होती. मला बास हवा आहे, भरपूर हवा आहे, पण तो सुरात हवा आहे. दहा हजारांच्या आत काय घ्यावे? मी चष्मा वापरते, हेही सांगून ठेवते, कारण घट्ट हेडफोनने कानामागे दुखते.

नारायण पेठ

आपण शेवटच्या वाक्यात सहज जो चष्मा सांगितला, त्यापासूनच मी सुरुवात करतो, कारण नवीन हेडफोन घेण्याआधी आपण दोन मिनिटांची एक परीक्षा करावी असे मला वाटते. विलंबित ठेक्याचे एखादे ध्वनिमुद्रण लावा, चष्मा घातलेला असतानाच दोन्ही तळहातांनी हेडफोनच्या वाट्या कानांवर हलकेच दाबा आणि डग्गा ऐका. मग चष्मा काढून, हात न लावता तेच परत ऐका. दाबल्यावर किंवा चष्मा काढल्यावर डग्गा उघडला, तर दोष हेडफोनच्या पडद्याचा (आवाज काढणाऱ्या भागाचा) नसून गादी आणि कान यांच्यामधल्या फटीचा आहे.

बंद हेडफोनमध्ये खालचे स्वर ऐकू येतात ते वाटीच्या आत कोंडलेल्या थोड्याशा हवेवर पडद्याचा दाब चढत-उतरत असतो म्हणून. चष्म्याच्या दांडीमुळे गादीखाली बारीकशी फट राहिली तरी मंद गतीने बदलणारा हा दाब तिथून निसटून जातो. वरचे स्वर मात्र तसेच पोचतात, आणि म्हणून आपला ‘ना’ शाबूत आहे व ‘गे’ हरवला आहे. आपण दिलेले वर्णन या दोषाशी इतके तंतोतंत जुळते की मला दुसरे कारण आधी सुचलेच नाही.

गादीही तपासा. तीन वर्षांत पुण्याच्या तीन पावसाळ्यांचा दमटपणा नकली चामड्याने सोसलेला असतो. माझ्या हेडफोनच्या गादीचे काळे कपचे कानाला चिकटू लागले, तेव्हा ती किती बसली आहे हे माझ्या लक्षात आले. आतला फोम बोटाने दाबला तर वर येतच नव्हता. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मला सुटी गादी मिळाली आणि दहा मिनिटांत बदलताही आली. गादी घेताना मखमली किंवा जाळीच्या कापडाची घेऊ नका. तिच्यात घाम कमी येतो हे खरे, पण बंद हेडफोनवर तिच्यातून हवा झिरपते आणि बास आणखी कमी होतो. मऊ, जाडसर फोमची, नकली चामड्याची गादी चष्म्याच्या दांडीभोवती चांगली बसते. चष्म्याची दांडी पातळ धातूची असेल तर अधिक उत्तम.

सोबत १०० हर्ट्झपासून २० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपने; आकडा जितका लहान, तितका स्वर खालचा) सावकाश उतरत जाणारा एकच एक स्वर ऐकून पाहा. असे ध्वनी इंटरनेटवर सहज मिळतात. तो कुठे विरतो तो आकडा लिहून ठेवा. गादी बदलल्यावर पुन्हा ऐका. खोक्यावर छापलेल्या ‘१० हर्ट्झपासून’ या मजकुरापेक्षा हा आपला आकडा कितीतरी अधिक उपयोगाचा आहे, कारण त्या खालच्या टोकाला आवाज किती डेसिबलने (आवाजाच्या पातळीच्या मापाने) घसरलेला आहे हे खोके सांगत नाही. पडद्याचा व्यास ४० मिलिमीटर की ५० मिलिमीटर, यावरूनही बासचा अंदाज बांधू नये.

बिबवेवाडीकर

वरची सूचना योग्यच आहे, परंतु मी थोडी वेगळी बाजू मांडतो. मी ढोलपथकात वाजवतो. गणपतीच्या आधी नदीपात्रात संध्याकाळचा सराव सुरू झाला की ढोलाची थाप कानाआधी छातीत लागते, आणि तीच अनुभूती मला हेडफोनमध्ये हवी असते. जास्त बास आवडणे म्हणजे कान कच्चा असणे, असा सूर अशा चर्चांमध्ये पुष्कळदा लागतो, तो मला मान्य नाही. ज्याला जे आवडते त्याने ते ऐकावे.

तरीही आपल्या गरजेसाठी मी माझ्या आवडीचे हेडफोन सुचवणार नाही. स्कलकँडीच्या क्रशर मालिकेत बाससाठी वेगळी थरथर निर्माण करणारी योजना असते आणि ती किती हवी हे ठरवायची सोय असते. ढोलासाठी आणि इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी मला ती अतिशय आवडते, पण डग्ग्याच्या मींडेत सूर सरकतो, आणि तो सरकताना थरथर मला त्याच्या मागोमाग जाताना जाणवत नाही. आपल्याला दुकानात आलेला ‘धम्म’चा अनुभव याच जातीचा असावा.

आपल्यासाठी ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ऐकून पाहण्यासारखा आहे. त्यात बास थोडा उचललेला आहे पण सैल नाही, आणि ३८ ओहमचा (ओहम हे विद्युत अवरोधाचे माप) असल्याने साध्या फोनवरही पुरेसा वाजतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो अधिक खोल जातो; मात्र त्याचे वरचे स्वर तीक्ष्ण आहेत आणि त्याच्या २५० ओहमच्या आवृत्तीला फोनमधून जेमतेम आवाज मिळतो. सेनहायझरच्या एचडी ६००ची स्तुती आपल्या वाचनात येईल. कंठसंगीतासाठी ती रास्तही आहे, परंतु तो उघड्या पाठीचा (मागून हवा आरपार जाणारा) आहे आणि अगदी खालचा बास त्यात कमी होत जातो. यांतल्या काहींची किंमत आपल्या मर्यादेबाहेर जाऊ शकते, म्हणून आधी ऐका आणि मग भाव काढा.

औंधवासी

आपण रात्री, घरचे झोपल्यावर, म्हणजे साहजिकच हळू आवाजात ऐकता. या गोष्टीकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले नाही.

माणसाचा कान सगळ्या स्वरांना सारखा दाद देत नाही आणि आवाज जितका हळू, तितका खालच्या स्वरांच्या बाबतीत तो अधिक बहिरा होतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांच्या सुधारित रूपाचे आंतरराष्ट्रीय मानकही झाले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, मैफलीत पहिल्या रांगेत बसून जो डग्गा भरभरून ऐकू येतो, तोच डग्गा, त्याच प्रमाणात ध्वनिमुद्रित केलेला असूनही, रात्री हळू आवाजात लावला की आधी तोच नाहीसा होतो. मग आपण पुढची पायरी म्हणून आवाज वाढवतो, त्याबरोबर ‘ना’ही टोचू लागतो आणि कानावरचा ताण वाढतो. त्याऐवजी इक्वलायझरने (वेगवेगळ्या स्वरपट्ट्या वरखाली करण्याच्या सोयीने) फक्त खालचा भाग उचलणे अधिक शहाणपणाचे आहे.

अँड्रॉइडवर वेव्हलेट आणि विंडोजवर इक्वलायझर एपीओ या ॲप्समध्ये हे नीट करता येते. शेल्फ प्रकारचा (एका आकड्याखालचा सगळा भाग उचलणारा) फिल्टर मिळत असेल तर तो १०५ हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि त्याखालचा भाग ४ डेसिबलने उचला. तितकेच डेसिबल एकूण आवाजातून वजा करा, नाहीतर मोठ्या थापेला आवाज फाटेल. दहा पट्ट्यांचा साधा इक्वलायझर असेल तर ३१, ६२ आणि थोडी १२५ हर्ट्झची पट्टी वर घ्या, आणि २५० हर्ट्झच्या पट्टीला हात लावू नका. दुकानातल्या त्या हेडफोनची घोंगडी बहुधा याच भागातली होती: पुरुषी आवाजाच्या खर्जाचे आणि डग्ग्याचे वरचे अनुनाद इथेच दाटी करतात. माझ्या समजुतीप्रमाणे भरपूर बास आणि फुगलेला बास यांतला भेद मुख्यतः इथे ठरतो, आणि म्हणून मी हा भाग उचलण्याऐवजी एखाददुसरा डेसिबल कमीच करतो.

एकदा हे जमले की दोन आठवडे त्या मापाशी खेळा. कधी २ डेसिबल, कधी ६ डेसिबल करून पाहा. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हरमन कंपनीत केलेल्या श्रवणचाचण्यांतून हेच दिसले की श्रोत्यांना किती बास आवडतो हे वय, ऐकण्याचा सराव आणि ऐकवलेले गाणे यांनुसार बदलते. त्यामुळे दुसऱ्याचे ‘पुरेसे’ आपल्याला पुरेसे ठरेलच असे नाही. आपले माप हातात आले की हेडफोन निवडणे सोपे जाते. २ डेसिबलवर समाधान होत असेल तर बहुतेक चांगले बंद हेडफोन चालतील. ८ डेसिबल लागत असतील तर मुळातच बास उचललेला हेडफोन घ्यावा.

आणखी एक. जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणांवर ही परीक्षा करू नका. डग्गा मुळात टिपलाच गेला नसेल तर कोणताही हेडफोन तो आणून देऊ शकणार नाही.

कोथरूडकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तळहाताची परीक्षा काल रात्रीच केली आणि थक्क झाले. चष्म्यासह ऐकताना तो उतरता स्वर ७० हर्ट्झच्या जवळ विरत होता. चष्मा काढून वाट्या दाबल्या तर ४०पर्यंत स्पष्ट ऐकू आला. गाद्या तर इतक्या चपट्या झाल्या आहेत की आतले कापड कानाला लागते, आणि ते इतके दिवस मला जाणवले नव्हते. शनिवारी तपकीर गल्लीत जाते आणि मग कळवते. बसचे काय करावे, एवढेच विचारायचे राहिले.

नारायण पेठ

बसमध्ये इंजिनाची सततची घरघर बासच्याच पट्टीत असते आणि ती डग्ग्याला झाकून टाकते, त्यामुळे तिथे रात्रीचे माप उपयोगी पडणार नाही. बाहेरचा आवाज छाटणारी योजना अशा सलग, खालच्या घरघरीवरच सर्वांत चांगली चालते, म्हणून प्रवासासाठी तसे इअरबड वेगळे घ्यावेत असे मी सुचवेन. ते घेतल्यावर सोबत आलेल्या तिन्ही मापांची रबरी टोके दोन्ही कानांत स्वतंत्रपणे घालून पाहा. माझ्या डाव्या कानाला मधले आणि उजव्याला मोठे लागते. टोक सैल असेल तर बास पुन्हा त्याच फटीतून जाईल. घरघरीवर मात करण्यासाठी आवाज चढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि रोजच्या कोथरूड ते हिंजवडी प्रवासाचे तास पाहता पातळी चढली तर ती ओलांडायला वेळ लागत नाही.

बिबवेवाडीकर

यात मी माझ्या अनुभवाची भर घालतो. सरावाच्या वेळी आम्ही आता कानात बोळे घालतो. पूर्वी घालत नसू, तेव्हा घरी परतल्यावर कानात शिट्टी वाजत राहायची आणि त्या रात्री कोणताही हेडफोन पातळच वाटायचा.

कोथरूडकर

शनिवारी नव्या गाद्या घातल्या. चष्माही पातळ दांडीचा जुना बाहेर काढला. आता तो स्वर ४५ हर्ट्झपर्यंत चष्म्यासह ऐकू येतो. इक्वलायझरचे माप रात्रीसाठी ४ डेसिबलवर सुरू केले होते, ते दोन दिवसांनी ५वर स्थिरावले, आणि २५० हर्ट्झची पट्टी औंधवासी यांच्या सांगण्याप्रमाणे १ डेसिबलने खाली घेतली. दुपारी, जरा मोठ्या आवाजात ऐकताना, तेच ५ मला जड वाटतात आणि ३ पुरतात.

काल रात्री जे विलंबित एकतालातले ध्वनिमुद्रण गेले वर्षभर ऐकत होते तेच लावले. ‘धागे’मधल्या ‘गे’वर वादक प्रत्येक आवर्तनात सारखी मींड घेत नाही, हे मला पहिल्यांदा कळले. समेच्या जवळ आल्यावर तो मनगट थोडे उशिरा सोडतो आणि आस पुढच्या बोलाला टेकेपर्यंत घुमत राहते. त्यानंतरचा ‘कत्’ कोरडा, मिटलेला आणि पूर्ण वेगळा ऐकू आला. नवीन हेडफोनची खरेदी सध्या थांबवली आहे. त्या पैशांतून बससाठी इअरबड पाहणार आहे आणि दुकानात जाताना याच ध्वनिमुद्रणातला तो तुकडा फोनवर सोबत नेणार आहे.