डिसेंबरात ऑफिस ओस पडलं म्हणून पिक्चरला सटकायचं?

परळकर

काल इथे एकाने सल्ला दिला: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काम नसतं, साहेब बाहेरगावी असतो, तेव्हा लॅपटॉप चालू ठेवा, खुर्चीला जॅकेट अडकवा आणि दुपारच्या शोला निघा. वर म्हणे, इतकी वर्षं थांबलेल्या सिक्वेलसाठी पहिल्या वीकेंडला जादा पैसे मोजणारे मूर्ख, सुस्त दिवसाची वाट बघा. खाली सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

जॅकेट कशाला अडकवायचं? महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे वर्षाला ८ किरकोळ रजा (सीएल) भरपगारी मिळतात. तिमाहीने खात्यात जमा होतात आणि वर्ष संपलं की बाद. पुढच्या वर्षात जात नाहीत. म्हणजे ज्या आठवड्यात ऑफिस रिकामं असतं, त्याच आठवड्यात उरलेल्या सीएल वाया जातात. अर्धी सीएल टाका आणि ताठ मानेने निघा. तुम्ही गुपचूप सटकलात की तुमचा फोन बाजूच्या टेबलवरचा उचलतो आणि त्याला तुमच्या वतीने खोटं बोलावं लागतं.

आता वेळेचं बघा. ‘अवतार’चा दुसरा भाग २००९ नंतर थेट १६ डिसेंबर २०२२ ला आला, लांबी १९२ मिनिटं. जाहिराती, ट्रेलर आणि मध्यंतर धरून आणखी अर्धा तास. लोअर परळला दीडचा शो धरलात तर सव्वापाचला बाहेर पडाल. याला कुणी लंच टाइम म्हणेल का?

आणि ‘सुस्त दिवसाची वाट बघा’ हा सल्लाच घातक. नाताळच्या सुमाराला मोठा हिंदी पिक्चर येतो आणि सगळ्यात मोठा पडदा त्याला जातो. तुमचा सिक्वेल मग कोपऱ्यातल्या छोट्या ऑडीत, म्हणजे छोट्या हॉलमध्ये. बघायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात, मंगळवार-बुधवारी, मोठ्या पडद्यावर बघा. आणि रजा टाकून.

स्लो_लोकल

परळकर, तुम्ही हजेरीपटावरचे साहेब दिसताय. अमेरिकेतला क्लायंट नाताळच्या आधी बंद होतो आणि १ जानेवारीनंतर उघडतो. त्याआधी आठवडाभर रात्री साडेनऊचे कॉल करून सॉफ्टवेअरचा रिलीज काढलेला असतो. ते तास कुणी मोजले? तुमच्याच कायद्यात आठवड्याला ४८ तास, वर काम झालं तर दुप्पट दराने पैसे. पण हुद्द्यात ‘मॅनेजर’ चिकटवलं की कंपनी माणसाला त्या कायद्याच्या बाहेर धरते. हाताखाली एक माणूस नाही, तरी मॅनेजर! मग रिकाम्या दुपारी चार तास परत घेतले तर चोरी कसली? काम संपलं की माणूस मोकळा. मोकळ्या माणसाला खुर्चीला बांधून ठेवणं ही खरी लबाडी.

खातेवही

‘डिसेंबरात काम नसतं’ हे वाक्य आयटीवाल्यांनी आता बंद करावं. ७ ला टीडीएस (पगार-बिलांतून कापलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), १५ ला आगाऊ कराचा तिसरा हप्ता, २० ला ३बी (महिन्याच्या जीएसटी भरण्याचं विवरणपत्र). ३१ ला वार्षिक जीएसटीआर-९ आणि शिवाय उशिराची आयकर विवरणपत्रं. श्वास घ्यायला मिळालाच तर २१ ते २४. आणि नेमक्या त्याच दिवसांत बिलावर मंजुरी देणारा माणूस जागेवर नसतो. बिल डिसेंबरच्या नोंदीत बसवायचं असतं, फोन लावावा तर नुसती रिंग वाजते. जॅकेट मात्र खुर्चीवर! इनपुट क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) ताळमेळ बसला नाही की बोलणी आम्ही खातो. परळकरांशी शंभर टक्के सहमत. रजा टाका, म्हणजे निदान मंजुरी कुणाकडे वळवायची ते कळतं.

झरोका

रजेचं तुम्ही बघून घ्या. पण परळकरांनी ‘मोठ्या पडद्यावर बघा’ म्हणून विषय संपवला, ते पटलं नाही. थ्रीडीत मोठा पडदा म्हणजे चांगला पडदा असं नाही. टूडी पिक्चरला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (उजेडाचं माप) उजेड हे प्रमाण आहे. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत साडेचार पोचला तरी चालवून घेतात. पडदा जितका रुंद, तितका तोच दिवा जास्त जागेवर पसरतो. जुन्या प्रोजेक्टरमधल्या झेनॉनच्या दिव्याचं आयुष्य संपत आलं की तो आणखी मंदावतो आणि बदलायला महाग, म्हणून ताणतात. रात्रीचा जंगलातला प्रसंग मग नुसता राखाडी चिखल दिसतो. लेझर प्रोजेक्टर असलेली मध्यम ऑडी जुन्या दिव्याच्या भव्य ऑडीपेक्षा कधीही बरी. बुकिंग करताना पडद्याची रुंदी विचारण्याआधी लेझर आहे का ते विचारा.

मधली_रांग

मग थ्रीडी बघताच कशाला? टूडीत बघा, उजेडाचं भांडणच मिटतं. थ्रीडी म्हणजे तिकीट वाढवायचं निमित्त. चष्मा नाकावर टोचतो, नंबरचा चष्मा असलेल्याने तर दोन चढवायचे आणि काचेवर आधीच्या माणसाच्या बोटांचे ठसे.

झरोका

हे अर्धवट ज्ञान आहे. थ्रीडीसाठीच चित्रित केलेला पिक्चर आणि नंतर संगणकावर थ्रीडी केलेला पिक्चर एका पारड्यात घालू नका. ‘अवतार’चा दुसरा भाग पहिल्या प्रकारातला. त्यातले बरेच प्रसंग सेकंदाला ४८ चौकटींनी (फ्रेम) दाखवले, नेहमीच्या २४ नव्हे. कारण साधं आहे: थ्रीडीत कॅमेरा आडवा फिरला की २४ ला चित्र धक्के खातं आणि डोळे शिणतात. टूडीत बघितलात तर ज्यासाठी तेरा वर्षं लागली तीच गोष्ट हुकली.

आणि टूडीत उजेड आपोआप मिळतो हा भ्रम. एकाच ऑडीत सकाळी थ्रीडी आणि दुपारी टूडी असला की प्रोजेक्टरच्या लेन्ससमोरची थ्रीडीची काच बाजूला सरकवावी लागते. ती राहिली तर निम्म्याहून जास्त उजेड तिथेच गिळला जातो. मल्टिप्लेक्समध्ये शो संगणकाच्या यादीवर लागतात, केबिनमध्ये माणूस बसलेला नसतो, त्यामुळे कुणी बोंब मारल्याशिवाय कळत नाही. आठवड्याच्या मधल्या दुपारी ऑडीत मोजकी डोकी, तीही गप्प. स्लो_लोकल, तुमच्या लाडक्या सुस्त दिवसाचा हा तोटा लिहून ठेवा.

शिवाय थ्रीडीचा पडदा बहुतेक ठिकाणी चंदेरी असतो. तो उजेड मधोमध परत फेकतो, कडेच्या खुर्च्यांना काळपट भाग येतो. तोच पडदा टूडीलाही वापरतात. म्हणून थ्रीडी असो की टूडी, कडेची खुर्ची नको.

मधली_रांग

अर्धवट म्हणायचं काम नाही! मग आवाजाचंही बोला. आवाजाचं मोजमाप ऑडीच्या साधारण दोन तृतीयांश मागे, मधल्या खुर्च्यांपाशी करतात. थिएटरच्या आवाजाच्या प्रोसेसरवर ७ हा ठरलेला आकडा. मोठा आवाज सोसवत नाही म्हणून प्रेक्षक तक्रार करतात आणि चालवणारे तो ५ वर आणून ठेवतात. मग कुजबुजीतले संवाद गायब. वीकेंडच्या गर्दीत तर पॉपकॉर्नच्या पिशव्या, रडणारी पोरं, फोनवर ‘हॅलो, पिक्चरला बसलोय’. सुस्त दुपारी हे काहीच नसतं. स्लो_लोकलचं इथे बरोबर आहे.

परळकर

रिकाम्या ऑडीत आवाज घुमतो त्याचं काय?

मधली_रांग

घुमत नाही. गादीच्या खुर्च्या अशा बनवतात की रिकामी खुर्चीही जवळपास माणसाइतकाच आवाज शोषते. जुन्या लाकडी खुर्च्यांच्या थिएटरात घुमायचा.

स्लो_लोकल

झरोका, मग त्या काचेचं करायचं काय? सांगा की. का नुसतं घाबरवायचं?

झरोका

पिक्चर सुरू व्हायच्या आधी ओळखायचं. टूडी शोला ट्रेलरमधलं भर उन्हातलं दृश्य बघा. पांढरा ढग मळका राखाडी दिसला तर लगेच उठायचं. दारावरच्या पोराशी वाद घालू नका, ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि नेमकं सांगा: ‘टूडी शो आहे, थ्रीडीची काच लेन्ससमोर राहिली आहे का बघा.’ नुसतं ‘अंधार दिसतोय’ म्हणालात तर ‘सर, पिक्चरच डार्क आहे’ हे उत्तर ठरलेलं. थ्रीडी शोला काळ्यावरची पांढरी अक्षरं बघा. कडेला दुसरी फिकट अक्षरं दिसली तर आधी चष्मा पुसा. मऊ सुती कापड घरूनच न्या, टिश्यूने ओरखडे पडतात. तरीही दुहेरी दिसलं तर चष्मा बदलून घ्या. मान सरळ ठेवा, काही पद्धतींत डोकं कलतं केलं की दुहेरी दिसायला लागतं.

खातेवही

दिवे आणि काचा झाल्या असतील तर मूळ प्रश्नाचं काय? मंजुऱ्या कोण देणार?

स्लो_लोकल

बरं बाबा, देतो मंजुऱ्या आदल्या दिवशी. जॅकेट अडकवणं गैर, हेही एक वेळ मान्य, कारण बाजूच्याला खोटं बोलावं लागतं. पण रात्री साडेनऊचे तास हिशोबात धरत नाहीत तोवर माझी सीएल मी त्यासाठी खर्च करणार नाही. टीम लीडला लेखी मेसेज टाकून, ‘मागच्या आठवड्याच्या जादा तासांच्या बदल्यात चार तास’ असं मागून जाईन. नाही म्हणाला तर त्याने कारण लिहून द्यावं.

परळकर

लेखी मागून जाताय ना? मग माझं भांडण संपलं. कंपन्या मॅनेजर या शब्दावर माणसं कायद्याबाहेर काढतात हे खरं आहे आणि ते वाईटच आहे. पण वीकेंडवाल्यांना मूर्ख म्हणणं मागे घ्या. हक्काची सुट्टी फक्त रविवारी मिळणारी माणसं या शहरात तुमच्यापेक्षा जास्त आहेत. दुकानात उभी राहणारी, गोदामात मोजणी करणारी. त्यांना मंगळवार-बुधवार कुठून मिळणार?

स्लो_लोकल

ते मी लिहिलंच नव्हतं, कालच्या पोस्टवाल्याने लिहिलं होतं. त्याला विचारा.

झरोका

रविवारवाल्यांसाठी: सकाळी पहिला शो धरा, गर्दी त्यातल्या त्यात कमी. मागून दोन तृतीयांश नव्हे, पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध. आणि मध्यंतरात बाहेर जाणार असाल तर दिवे लागताक्षणी उठा, कारण पुढचा भागही यादीनेच सुरू होतो, रांगेतल्या माणसांसाठी थांबत नाही.

मधली_रांग

थ्रीडी मी तरी बघणार नाही. खुर्चीचं पटलं.