गुहेतला पैलवान आणि रबरी डायनासोर : तुमचे अनुभव लिहा

चामड्याची चड्डी, हातात दगडी कुऱ्हाड, तेल चोपडलेली छाती आणि समोर रबराचा डायनासोर. असले पिक्चर ज्यांनी ज्यांनी आवडीने बघितलेत त्यांनी इथे हजेरी लावा, लाजू नका.

सुरुवात मीच करतो. १९८३ चा 'योर, द हंटर फ्रॉम द फ्यूचर'. इटालियन माल, दिग्दर्शक अँटोनियो मार्घेरिती, पण नाव लावलंय अँथनी एम. डॉसन, म्हणजे अमेरिकन वाटावं. हिरो रेब ब्राउन, १९७९ ला टीव्हीवर कॅप्टन अमेरिका झालेला तोच, इथे सोनेरी विगमध्ये. सुरुवातीलाच जो डायनासोर येतो तो धड ट्रायसेराटॉप्स नाही धड स्टेगोसॉरस नाही, गोडाऊनमध्ये उरलेलं सगळं जोडून टाकलंय. योर त्याला कुऱ्हाडीने लोळवतो आणि वर त्याचं ताजं रक्त पितो. आणि मग तो सीन! भलंमोठं वटवाघूळ बाणाने पाडायचं, मेलेल्या वटवाघळाला डोक्यावर धरून हँगग्लायडरसारखं उडत गुहेत शिरायचं आणि पहिल्या दिसेल त्याला लाथ. मी रिमोट ठेवून उभा राहून टाळ्या वाजवल्यात.

गिरगावकर_जुना
अरे हा आम्ही चाळीत बघितलाय!! गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचो त्यात ही कॅसेट आली होती. अर्ध्यापर्यंत आदिमानव, कुऱ्हाडी, गुहा सगळं व्यवस्थित चाललेलं आणि एकदम उडत्या तबकड्या, लेझर, काळे हेल्मेटवाले रोबो! वडील उठलेच, म्हणाले ह्या व्हीसीआरवाल्याने एका कॅसेटवर दोन पिक्चर भरलेत, आणि रात्री बारा वाजता त्याच्या घरी जाऊन भांडून पैसे कमी करून आले. खूप वर्षांनी कळलं की पिक्चरच तसा आहे, ते जग अणुयुद्धानंतरचं असतं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, मग तर सगळेच पैसे परत घ्यायला हवे होते.

रीळवाला
काका, त्याला कारण आहे. मुळात ती इटलीच्या सरकारी टीव्हीसाठी, राईसाठी, चार भागांची मालिका होती. थिएटरसाठी कापून कापून ८८ मिनिटं केली, त्यामुळे माणसं कुठून येतात कुठे मरतात पत्ता लागत नाही. मूळ कॉमिक अर्जेंटिनाचं. आणि मार्घेरितीला उगाच हसू नका, छोटी मॉडेलं बांधून उडवण्यात त्या माणसाचा हात कोणी धरत नव्हता. टारँटिनोने 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'मध्ये एका पात्राला इटालियन म्हणून खपवताना हेच नाव दिलंय.

मेथीचे_लाडू
आम्ही तुर्कस्तानला गेलो होतो, कप्पाडोकिया. ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, त्याचे सुळके, त्यात कोरलेल्या गुहा. सगळे बलूनचे फोटो काढतायत आणि आमचे हे एकदम ओरडले, अगं इथे योर पळत होता! मग दोन्ही हात वर करून सुळक्यांमधून पळत सुटले, मला व्हिडिओ काढायला लावला. गाईड बिचारा मला विचारतो, मॅडम, सर बरे आहेत ना. पण खरं सांगू, तिथे उभं राहिलं की कळतं, सेटचा खर्च निसर्गानेच केलाय, ह्यांनी फक्त चामड्याचे कपडे आणलेत.

तांबडी_माती
आमच्या आजोबांचा किस्सा. कोल्हापूरला तालमीतली सगळी पोरं वस्तादांना घेऊन स्टीव्ह रीव्ह्जचा 'हर्क्युलिस' बघायला गेली. १९५८ चा तो, त्याच्यानंतरच इटलीत ही पैलवानांची लाट आली. बॉडी बघून पोरं गार. रीव्ह्ज मिस्टर युनिव्हर्स होता, खोटं काही नव्हतं. वस्ताद मात्र सिंहाची झुंज संपेपर्यंत गप्प, मग म्हणाले, "मान धरलीया, पाय मोकळं सोडल्यात. सिंव्ह खरा असता तर आतडी काढली असती." आमच्याकडे दारासिंगलाच मान होता बघा, कारण तो आधी मातीतला आणि मग पडद्यावरचा. त्याचा 'किंग काँग' १९६२ चा, बाबूभाई मिस्त्रींचा. आजोबांनी जत्रेत तंबूत बघितला होता, मातीत बसून, आणि मारामारीला पब्लिक डाव सांगायचं म्हणे, पट काढ पट काढ!

रीळवाला
बाबूभाई म्हणजे काला धागा! काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवायच्या, १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'पासून हे नाव पडलं. इटलीवाल्यांच्या दोऱ्या दिसतात, आपल्या माणसाच्या दिसत नव्हत्या.

जर्सीतली_मावशी
इथे पन्नास सिनेमांचा स्वस्तातला डीव्हीडी सेट मिळायचा त्यात 'फायर मॉन्स्टर्स अगेन्स्ट द सन ऑफ हर्क्युलिस' होता. १९६२ चा, हिरो रेज लुईस. इटलीत हाच गडी माचिस्ते, इंग्रजीत मॅक्सस, आणि अमेरिकन टीव्हीवर विकताना हर्क्युलिसचा पोरगा! हिमयुगात हर्क्युलिसचा पोरगा कसा हे विचारायचं नाही. हा माचिस्ते मूळ १९१४ च्या मूकपट 'काबिरिया'मधला, तेव्हा ते काम जिनोआ बंदरावरच्या एका कामगाराने केलं होतं, बार्तोलोमेओ पागानो. आमच्या ह्या सिनेमात राक्षस मात्र अगदी मोजके, तळ्यातून मान काढतो तेवढाच लक्षात राहिला, बाकी वेळ दोन टोळ्या एकमेकांना काठ्यांनी बडवतायत. कणीक मळता मळता बघायला उत्तम.

पाल_नको
मला रबरी चालतो. १९४० चा 'वन मिलियन बी.सी.' बघवत नाही. खऱ्या सरड्यांना, मगरीच्या पिल्लाला पाठीवर माशासारखा खोटा पर चिकटवून एकमेकांवर सोडलंय आणि ते खरंच चावतायत. तेच तुकडे पुढे कितीतरी फालतू पिक्चरमध्ये वापरले. पोरीला दाखवायला घेतला तर दोन मिनिटांत म्हणाली, बाबा बंद कर. केला. रबरात निदान कोणी मरत नाही.

कामशेत_टेकऑफ
उशीर झाला, पण वटवाघळावर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी पॅराग्लायडिंग करतो. मेलं की पंख मिटणार ना भाऊ, ताठ ठेवतोय कोण? आणि लँडिंगला वेग मारायला फ्लेअर द्यावा लागतो, म्हणजे शेवटच्या क्षणी दोन्ही ब्रेक ओढायचे, हा तर तसाच घुसतो.

तांबडी_माती
म्हणून तर लाथ घातली, ब्रेक नको का लागायला.