मदत हवी आहे: चांद्रयान-३ वर्गात आणायचे आहे, पण रोव्हरचा खेळ फसतो आहे

खडूफळा
नमस्कार. २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त मला मुलांकडून चांद्रयान-३ची मोहीम करून घ्यायची आहे. व्हिडिओ दाखवून झाले, तक्ते लावून झाले. मुले ते पाहतात आणि विसरतात, म्हणून आता मोहीम त्यांनीच चालवावी असे वाटते. काल एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला प्रज्ञान (मोहिमेतली चंद्रावर फिरलेली गाडी, म्हणजे रोव्हर) केले, जमिनीवर ठेवलेली दप्तरे म्हणजे खड्डे मानले आणि बाकीच्यांना सूचना द्यायला सांगितले. दोन मिनिटांत सगळा वर्ग ‘डावीकडे, डावीकडे’ असे ओरडू लागला, प्रज्ञान गोंधळून खाली बसला आणि तास संपला. काय चुकते आहे, ते कृपया लवकर सांगावे. परवा पुन्हा तास आहे.

गणितवेडी
कितवीचा वर्ग आहे, मुले किती आहेत, तास किती मिनिटांचा आहे आणि वर्गाबाहेर मोकळी जागा आहे का, हे आधी कळवावे. त्याशिवाय कोणी काय सांगणार?

खडूफळा
सातवी, ४१ मुले, ३५ मिनिटे. बाहेर व्हरांडा आहे. इंटरनेट नाही.

निरभ्र
माझ्या अनुभवाप्रमाणे मुलांना ग्रहगोलांची ओढ लावायची असेल, तर दुर्बिणीला पर्याय नाही. आम्ही गावात वर्गणी काढून सहा इंची परावर्ती दुर्बीण घेतली. चंद्राच्या कडेवरची विवरे पाहिलेला मुलगा ती कधीच विसरत नाही. शाळेने आधी दुर्बीण घ्यावी.

खडूफळा
आभारी आहे, पण तास सकाळी साडेअकराचा आहे आणि माझा प्रश्न रोव्हरच्या खेळाविषयी आहे.

उंबरठा
तुमचा खेळ फसला, कारण सूचना देणाऱ्यांना रोव्हर समोर दिसत होता. खऱ्या मोहिमेत बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातून प्रज्ञान कोणालाच दिसत नव्हता. त्याच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे तेवढी हाती येत आणि त्यांवरून पुढचा मार्ग आखावा लागे. शिवाय प्रज्ञान पृथ्वीशी थेट बोलतच नव्हता. तो फक्त त्याला घेऊन चंद्रावर उतरलेल्या विक्रम या यानाशी बोलायचा आणि विक्रमकडून संदेश बंगळुरूजवळच्या ब्यालालूच्या अँटेनांपर्यंत पोहोचायचा. हीच साखळी मुलांची करावी. नियंत्रण कक्ष वर्गात, दार लावून; रोव्हर व्हरांड्यात, एक मूल विक्रम आणि एक मूल निरोप्या. रोव्हरच्या खांद्याशी ‘कॅमेरा’ म्हणून एक मूल उभे राहील आणि समोर जे दिसते तेवढेच चिठ्ठीवर रेखाटून विक्रमकडे देईल. कक्षातली मुले चित्र पाहून एका चिठ्ठीवर पाचच आज्ञा लिहितील. चिठ्ठी एकदा गेली की बदलता येणार नाही, हा नियम मात्र कडकपणे पाळावा. मग ओरडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण ओरडून काही उपयोग होत नाही.

लालमाती
कल्पना उत्तम आहे, पण हा खेळ चंद्राचा नसून मंगळाचा आहे. चंद्रापर्यंत संदेश जाऊन परत यायला अवघे अडीच सेकंद लागतात. मंगळाला एका दिशेनेच ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणून तिथे आज्ञा आधीच लिहून पाठवाव्या लागतात. मुलांना चुकीचे शिकवू नये. मंगळावरच्या पर्सिव्हिरन्स या रोव्हरची मोहीमच घ्यावी.

उंबरठा
अडीच सेकंद हा फक्त प्रकाशाचा प्रवास झाला. चित्र उतरवणे, त्यावरून जमिनीचा चढउतार काढणे, वाट ठरवणे आणि मग आज्ञा पाठवणे याला लागणारा वेळ तुम्ही मोजलेलाच नाही. २७ ऑगस्ट २०२३ रोजी प्रज्ञानसमोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला, तेव्हा त्याला आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली. २६ किलोचे ते यंत्र सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर सरकत होते, म्हणून असा विचार करायला सवड होती. तो खड्डा जसाच्या तसा व्हरांड्यात खडूने आखता येईल.

लालमाती
हे मान्य, पण अडीच सेकंदांचा आकडा मुलांना सांगावाच. नाहीतर निरोप्या जितका धावतो तितके अंतर, असे त्यांच्या डोक्यात बसेल.

गणितवेडी
४१ मुलांपैकी खेळात फार तर पंधरा गुंततील. उरलेल्यांना विक्रमवरच्या ‘चास्ते’ या मातीचे तापमान मोजणाऱ्या उपकरणाचे काम द्यावे. त्याची सळई चंद्राच्या मातीत १० सेंटिमीटर शिरण्यासाठी बनवलेली होती. वरच्या थराचे तापमान ५० अंशांच्या पुढे असताना केवळ ८ सेंटिमीटर खाली ते उणे १० अंशांच्या आसपास आढळले. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू भरून तो उन्हात ठेवावा, एक तापमापक वर आणि एक ८ सेंटिमीटर खोल खुपसावा, आणि दर पाच मिनिटांनी नोंद घेऊन आलेख काढायला लावावा. आपल्याकडे फरक इतका मोठा येणार नाही. तो का येत नाही, हा प्रश्न मुलेच विचारतील.

पाऊलवाट
श्रीहरिकोट्याला प्रक्षेपण पाहायला मुलांना नेता येते का, हे कोणाला ठाऊक आहे का? प्रेक्षक सज्जासाठी आधी नोंदणी करावी लागते असे ऐकले आहे.

गणितवेडी
त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

खडूफळा
आज सुट्टीत सहा मुलांना घेऊन व्हरांड्यात करून पाहिले. आरडाओरडा अजिबात झाला नाही. मात्र नवीच अडचण आली. कक्षातल्या मुलीने ‘सहा पावले पुढे, उजवीकडे वळ’ असे लिहिले. तिच्या हिशेबाने रोव्हर खड्ड्याच्या अलीकडे थांबायला हवा होता, पण रोव्हर झालेला मुलगा तिच्यापेक्षा हातभर उंच असल्यामुळे पाचव्याच पावलाला आत गेला. ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ त्याच्या पायांकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “सर, आधी ह्याचं पाऊल मोजायला हवं होतं.” आता सगळ्यांना पाऊल मोजायला लावावे, की रोव्हरच्या दोन्ही घोट्यांना ठरावीक लांबीची सुतळी बांधावी?

उंबरठा
सुतळी नको, पट्टी बांधलेले मूल अडखळून पडेल. पाऊल मोजू द्या, तेही मीटरपट्टीने आणि दहा पावलांची सरासरी काढून.