गारपीट "देवाची इच्छा" होती? मला नाही पटत

शरणपूरकर
निफाडला मामांच्या द्राक्षबागेवर गारा पडल्या, माल काढायला आठ दिवस राहिले होते फक्त. रविवारी चर्चबाहेर एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, देवाची इच्छा! मामा गप्प, माझं डोकं फिरलं. माझं म्हणणं, देव सर्वसमर्थ आहेच, पण जग घडवताना त्यानेच हात आखडता घेतला, माणसाला न् निसर्गाला मोकळीक दिली. फिलिप्पैकरांस 2:7, ख्रिस्ताने 'स्वतःला रिक्त केले', तेच हे. आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाचं बघा ना, गेट बंद ठेवलं म्हणून पाणी कमी होतं का? सगळं सोडलं तर गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडेल.

नाशिकरोडचा
अरे पण गेट कोण उघडतं? पाणी स्वतः नाही ठरवत. सोडायचं नाही हा पण इंजिनियरचाच निर्णय, म्हणजे गारा थांबवल्या नाहीत हे शेवटी त्याच्याच सहीने झालं की. मत्तय 10:29 वाच, चिमणीसुद्धा पित्याशिवाय पडत नाही. आणि 'रिक्त केले'च्या लगेच पुढे आहे दासाचं रूप घेतलं, म्हणजे देवपण टाकलं नाही, दासपण घेतलं. कॅल्सिडोनच्या चर्च-परिषदेने इ.स. 451 लाच सांगितलंय, ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत थोमासियस या धर्मपंडिताने ख्रिस्ताने सर्वज्ञता वगैरे बाजूला ठेवली असं मांडलं, तेही फक्त पुत्राबद्दल! तू ते उचलून थेट सृष्टीला चिकटवतोस.

शरणपूरकर
उडी आहे, मान्य. पण एकटा मीच नाही मारत. मोल्टमान या जर्मन धर्मपंडिताने ज्यू गूढवादी लुरियाची त्सिमत्सुम ही कल्पना घेतली, जगाला जागा द्यायला देव स्वतःच आकसतो. आणि योनाच्या गोष्टीत निनवे शहराचा नाश करणार म्हणून ज्या देवाला मन बदलता येतं त्याचं सगळं आधीच लिहून ठेवलंय म्हणणं मला जड जातं.

पंचवटीवाला
मधेच बोलतो, मी ख्रिस्ती नाही, पण आमचा विठोबा पुंडलिकाने वीट फेकली म्हणून अठ्ठावीस युगं उभा आहे, हे तेच ना? बसायची ताकद नव्हती असं थोडंच कोणी म्हणतं.

शरणपूरकर
दादा, तुमचं उदाहरण माझ्या धरणापेक्षा भारी निघालं.

नाशिकरोडचा
विठोबा उभा राहिला तर कोणाची बाग जात नाही, इथे गेलीय.

ताई_कॉलेजरोड
तुम्ही दोघं एकेक वचन धरून बसलात. 1 शमुवेल 15 उघडा. 11 व्या ओळीत देव म्हणतो शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा झाला, आणि 29 व्यात संदेष्टा शमुवेल म्हणतो तो पस्तावायला काही माणूस नाही. एकाच अध्यायात! लिहिणाऱ्याला दिसलं नसेल असं मला वाटत नाही, त्याने मुद्दाम दोन्ही ठेवलं. मिसरचा राजा फारो, त्याचं पण तसंच, कधी तो स्वतः मन कठीण करतो, कधी परमेश्वर करतो. 1618-19 च्या डॉर्टच्या चर्च-सभेत आर्मिनियसवाल्यांना, म्हणजे माणसाच्या निवडीला जागा देणाऱ्यांना, बाहेर काढून डच लोकांना वाटलं वाद मिटला. कुठे मिटला? तरी मला नाशिकरोडच्या भावाचं थोडं जास्त पटतं, कारण देवाने नुसती जागा करून दिली असेल तर कयामतीच्या दिवशी तो शब्द पाळेल याची खात्री कशावर ठेवायची? पण ते वाक्य गारा पडलेल्या माणसाला चर्चच्या पायरीवर ऐकवायचं नसतं, एवढी अक्कल पाहिजे.

नाशिकरोडचा
ताई, वाक्य चुकीच्या वेळी बोललं म्हणून खोटं ठरत नाही. शरणपूरकर, एकच विचारतो, येत्या बुधवारी प्रार्थनासभेत आभाळासाठी प्रार्थना करणार का? देवाने हात आखडता घेतलाय तर मागतोस कुणाकडे?

शरणपूरकर
करणार. मामा येणारेत, त्यांच्या शेजारी बसून करणार. थिअरीत कुठे बसतं ते गुरुवारी भांडू.