दोन खेळ, दोन सर, वही एकच
‘तीन खेळ खेळलेला प्रशिक्षक पोरांनाही तिन्हींत दामटतो’ हा आक्षेप ऐकला, पण अर्धाच पटला. घोळ खेळांच्या संख्येत नाही, सगळ्या सरावांच्या ताणाच्या बेरजेत आहे. सकाळी एका सरांकडे स्प्रिंट, संध्याकाळी दुसऱ्यांकडे खो-खोचे सूर, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ज्या प्रशिक्षकाने स्वतः दोन्ही केलंय त्याने दोन्ही सरावांची एकच वही ठेवावी: सरावाची मिनिटं गुणिले पोराने सांगितलेला थकवा, 0 (काहीच नाही) ते 10 (सगळ्यात जास्त). साठ मिनिटं आणि 7, म्हणजे 420. थकव्याचा आकडा सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचा. लगेच विचारला तर शेवटच्या स्प्रिंटचा दमच बोलतो. तोही एकट्याला, चारचौघांत पोरं कमी सांगू शकतात.

आठवड्याचे सरावाचे एकूण तास पोराच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नकोत. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखला, तर सूर आणि उड्या आधी कमी करा.