आयसीडी कोडवरून वॉर्डप्रमाणे बेडसोर आणि इन्फेक्शनचा दर काढायला सांगितलाय, आकडा पटत नाही

फाईलवाली
नमस्कार मंडळी. दीडशे खाटांच्या ट्रस्ट हॉस्पिटलात एमआरडीला (मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटला) आहे. डिस्चार्ज झालेल्या फाईलींना आयसीडी-१० (आजारांचे आंतरराष्ट्रीय कोड) लावायचं काम माझ्याकडे. आजवर हे कोड इन्शुरन्सच्या फॉर्मवर आणि सरकारी रिपोर्टात जायचे, पुढे कोणी विचारत नव्हतं. आता एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी चालू आहे. नव्या क्वालिटी मॅनेजर मॅडम म्हणाल्या, कोड सिस्टीममध्ये आहेतच, तर बेडसोर, ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन आणि पेशंट पडल्याच्या घटना वॉर्डप्रमाणे काढा, कमिटीपुढे ठेवू.

एल८९ (बेडसोरचा कोड) टाकून यादी काढली, तर ऑर्थो सगळ्यात वर. इन्चार्ज सिस्टर खवळल्या: "जखम घरून घेऊन येतात आणि पावती माझ्या नावावर फाडता?" उलट मेडिकल आयसीयूत सहा महिन्यांत एकही बेडसोर नाही, जिथे माणसं व्हेंटिलेटरवर पडून असतात! टी८१.४ (ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन) टाकलं तर जनरल सर्जरीत थोडे, गायनॅकला शून्य. पडल्याचे तर कोडच सापडले नाहीत. आकडा द्यायचा की नाही?

पुणे_कोडर
मी पुण्यात बसून अमेरिकन हॉस्पिटलांचं कोडिंग करतो. तुमच्या यादीत जे नाही, ते तिकडे जवळजवळ प्रत्येक निदानापुढे एका अक्षरात असतं: ॲडमिट होतानाच होतं का? वाय म्हणजे होतं, एन म्हणजे नंतर झालं, यू म्हणजे कागदांवरून कळत नाही, डब्ल्यू म्हणजे डॉक्टरलाही ठरवता येत नाही. ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्याने ठराविक गोष्टी हॉस्पिटलात झाल्या तर त्यांचे जादा पैसे देणं बंद केलं. तिसऱ्या-चौथ्या स्टेजचा बेडसोर त्यात आहे, शस्त्रक्रियेत आत राहिलेली वस्तूही आहे. यू लिहिलं तरी एनसारखेच पैसे जातात. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या नोंदीला तिथे भलता भाव.

शिवाय एएचआरक्यू या अमेरिकन सरकारी संस्थेच्या पेशंट सेफ्टी इंडिकेटरमध्ये बेडसोर मोजताना तीन दिवसांपेक्षा कमी राहिलेले पेशंट आधीच वगळतात. आपल्या इन्शुरन्सच्या क्लेम फॉर्मच्या भाग बी मध्ये आयसीडी-१० चे रकाने आहेत, पण हे अक्षर नाही.

जुना_रेकॉर्डवाला
ताई, आकडा देऊ नका, यादी द्या. सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे याच गोष्टीवरून सिस्टर आणि ऑफिस यांच्यात वर्षभर अबोला होता.

आधी तुमचा आयसीयूचा शून्य. आपण कोड लावतो तो डिस्चार्ज समरी वाचून. आयसीयूतून वाचलेल्या माणसाच्या समरीत सेप्सिस, किडनी, डायलिसिस एवढं सगळं असतं की कमरेखालच्या जखमेचा उल्लेख करायचं रेसिडेंटला सुचतही नाही. ऑर्थोत मात्र ड्रेसिंगसाठी प्लास्टिक सर्जनला बोलावतात, रेफरन्सचा कागद फाईलला लागतो, बिलात चार्ज येतो. ज्याचं बिल होतं ते लिहिलं जातं, आणि लिहिलं जातं त्यालाच आपण कोड लावतो. म्हणजे तुमच्या यादीत ऑर्थो वर आहे ते नोंदीत वर आहे. काळजी घेण्यात कोण खाली, ते त्या यादीला ठाऊक नाही.

आता एक फाईल उघडून बघा, मी सांगतो तशीच सापडेल. म्हातारी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, एस७२.०. आठवडाभर घरी तेल लावून झोपवली, मग आणली. समरीत शेवटी अर्धी ओळ: बेडसोरचं ड्रेसिंग केलं. आपण एल८९ लावून मोकळे. पण नर्सिंग असेसमेंटच्या पानावर माणसाची पुढून-मागून आकृती असते ना, तिथे माकडहाडावर पेनाने गोल काढलेला असतो, बाजूला ४ बाय ३ सेंमी, वेळ आणि सही. ते पान एमआरडीत कोणी उलटत नाही. दहाव्या दिवशी वॉर्डात जखम झालेल्या पेशंटलाही हाच एल८९ लागतो. कोडला दोघी सारख्याच.

गायनॅकचं कोडं सोपं आहे. सिझेरियनची जखम चिघळली तर टी८१.४ लागत नाही, ओ८६.० लागतो. बदललेल्या सांध्याच्या इन्फेक्शनला टी८४.५. तिन्ही टाकून परत काढा. तरी कमीच येईल, कारण टाके पिकतात घरी गेल्यावर, पेशंट येते ओपीडीत, आणि ओपीडीला आपण कोड लावतच नाही. ही जखम मोजायची तर ऑपरेशनपासून ३० दिवस पाठपुरावा लागतो, इम्प्लांट असेल तर काही ऑपरेशनांना ९०.

पडण्याचं विसरा. खाटेवरून पडल्याचा डब्ल्यू०६ आहे, पण आपल्याकडे तो कोण लावतं? लावला तरी कुठे पडला ते सांगणाऱ्या, कोडपुढच्या आकड्यात हॉस्पिटल, शाळा आणि सिनेमा थिएटर एकाच २ मध्ये बसवलेत (कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे). आणि पेशंट पडला पण लागलं नाही, तर समरीत काहीच नाही. ते इन्सिडंट रिपोर्टातूनच मिळणार.

शेवटचं, जे मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. समरीत कॉम्प्लिकेशन लिहिलं की क्लेमला क्वेरी येते, म्हणून तो शब्दच गाळायला सांगतात. अशा कागदावर वॉर्डांची क्रमवारी लावली, की पुढच्या महिन्यात प्रामाणिक वॉर्डही लिहायचा थांबेल.

इन्फेक्शन_सिस्टर
दादांना अनुमोदन. आमच्याकडे एमआरडी दर आठवड्याला फक्त आयपीडी नंबर (दाखल पेशंटचे नंबर) पाठवते: एल८९, टी८१.४, ओ८६.०, टी८४.५ ज्या फाईलवर आहेत त्यांचे. माझ्या रजिस्टरशी ताडून बघते. माझ्याकडे आहे आणि यादीत नाही, तर समरी लिहिणाऱ्याला गाठते. यादीत आहे आणि माझ्याकडे नाही, तर ते माझ्या नजरेतून सुटलेलं असतं. दुसरा प्रकार तुम्हाला वाटतो त्याहून जास्त निघतो.

बेडसोरचा दर काढायचाच असेल तर एनएबीएचला तो हजार पेशंट-दिवसांमागे लागतो, डिस्चार्जमागे नाही. रात्री बाराच्या सेन्ससचा (तेव्हा किती पेशंट दाखल आहेत तो) आकडा घ्या.

फाईलवाली
खूप आभार. आयसीडी-११ आलं की हे सुटेल असं मॅडम म्हणतात. खरं का?

पुणे_कोडर
अर्धं. २०१९ च्या मे महिन्यात मंजूर झालं, १ जानेवारी २०२२ पासून लागू. त्यात इजा काय झाली, कशामुळे झाली आणि कशी झाली, असे तीन कोड एकमेकांना जोडता येतात, आणि निदान ॲडमिशनच्या आधीचं की नंतरचं हेही जोडता येतं. पण डॉक्टरने लिहिलंच नाही तर जोडणार काय?

जुना_रेकॉर्डवाला
तोवर एल८९ पुढे स्वतःचा एक रकाना करा: आधीपासून, इथे झालं, कळत नाही. भरायचा तो आकृतीचं पान बघूनच. 'कळत नाही' किती निघतात ते आधी मोजा, कमिटीला तोच आकडा पहिला दाखवा.

फाईलवाली
मॅडमना दाखवलं, पटलं. वॉर्डांची क्रमवारी रद्द, यादी थेट सिस्टरांकडे जाणार. ऑर्थोच्या सिस्टरांनी जुन्या फाईलींतली आकृतीची पानं स्वतः काढून दिली. फक्त सॉफ्टवेअरमध्ये रकाना वाढवायला माणूस येत नाहीये, एएमसी (देखभालीचा करार) संपलंय म्हणे. सध्या एक्सेलमध्ये भरतेय.