शब्दचर्चा: आयरिश नाव 'ताइग', लिहितात एक आणि म्हणतात भलतंच

चिंचगूळ:
मंडळी, एका नावाबद्दल विचारायचंय. भाची आयर्लंडात कॉर्कला असते, नवरा तिकडचाच, परवा मुलगा झाला आणि फॅमिली ग्रुपवर नाव आलं तेव्हा आम्हाला सगळ्यांना टायपो वाटला. स्पेलिंग टी-ए-डी-एच-जी. आजी 'तढग' म्हणायला लागली, मग भाचीने व्हॉइस नोट पाठवली की 'टाइग' म्हणा. आता भावाचं म्हणणं हे टायगर अर्धवट सोडल्यासारखं वाटतं आणि आमच्या सोसायटीत दोन कुत्र्यांचं नाव टायगर आहे. नेटवर जिथे बघावं तिथे 'अर्थ: कवी' एवढंच. खरंच कवी का? आणि देवनागरीत नेमकं कसं लिहायचं, बारशाच्या पत्रिकेवर छापायचंय.

शब्दखोर:
चिंचगूळताई, अभिनंदन! नाव फार जुनं आणि मस्त आहे, भावाला म्हणावं थोडा धीर धर.

आधी उच्चार. तिकडचे लोक परक्या माणसाला हेच सांगतात की टायगर म्हणा आणि शेवटचा 'र' गिळा, त्यामुळे भावाचं काही चुकलेलं नाही. पण माझं मत विचाराल तर पत्रिकेवर 'ट' नको, 'ताइग' छापा. इंग्रजीतला टी आपल्याला ट ऐकू येतो, पण आयरिशमधला हा जाड टी दातांना जीभ लावून म्हणतात, म्हणजे आपला त. इंग्रजांकडे त आणि ट वेगळे दाखवायला अक्षरच नाही, आपल्याकडे आहे तर वापरू की. आणि प्रांताप्रमाणे स्वर थोडा फिरतो, उत्तरेला डॉनिगॉलकडे 'तेइग'च्या जवळ जातं, दक्षिणेला कॉर्क-केरीत आणि पश्चिमेला 'ताइग'.

आता ते मधलं डीएच कुठे गेलं? तर आयरिश जुन्या लिपीत लिहायचे तेव्हा हे नाव चारच अक्षरांचं होतं, टी, ए, डी, जी, आणि त्या डीच्या डोक्यावर एक टिंब. टिंब म्हणजे हे व्यंजन मऊ झालंय, पूर्ण म्हणू नका. पुढे विसाव्या शतकात छपाई रोमन टाइपात आली तशी टिंबं गेली आणि प्रत्येक टिंबाच्या जागी एक एच येऊन बसला. म्हणून आयरिश स्पेलिंग बघितलं की एचचा पाऊस पडल्यासारखं वाटतं, खरं तर ती टिंबं आहेत. आणि 'एडीएच' असं एकत्र आलं की त्याचा बहुतेकदा 'आय' होतो, त्यांच्याकडे शिंगाला जो शब्द आहे तोही असाच लिहितात आणि 'आयर्क' म्हणतात. म्हणजे स्पेलिंग वेडंवाकडं नाहीये, नियमाने चाललंय, फक्त नियम इंग्रजीचा नाही. लिओ वरदकर पंतप्रधान झाले तेव्हा आपल्या मराठी पेपरांची त्या 'तीशख' पदाच्या स्पेलिंगने काय दमछाक केली होती आठवतंय ना? वडील मालवणजवळच्या वराडचे म्हणून सगळ्यांना बातमी द्यायचीच होती, आणि पदाचं नाव कुणालाच नीट लिहिता येईना.

अर्थ कवी, हो. जुन्या आयरिशमध्ये हा शब्द कवी या अर्थाने आहे, शब्दकोशात मिळतो. त्याच्याही मागे गेलं तर गॉलमध्ये, म्हणजे आताच्या फ्रान्समध्ये, सीझरच्या काळी टास्गेटियस नावाचा एक राजा होता, सीझरने त्याला गादीवर बसवला आणि इ.स.पू. ५४ मध्ये त्याच्याच लोकांनी मारला, त्या नावातला पहिला भाग आणि हा शब्द एकाच घरातले मानतात. गंमत म्हणजे गॉलकडच्या त्या मुळाचा अर्थ काही अभ्यासक बॅजर हा प्राणी असा लावतात. म्हणजे कवी की बॅजर, हे तुम्ही घरी ठरवा.

पण मला विचाराल तर या नावाची खरी मजा 'कवी'त नाहीच. ते बाळनावांच्या साइटवाल्यांना एका ओळीत छापायला बरं म्हणून. हे नाव शेकडो वर्षं इतकं घराघरात होतं की त्याचा सामान्य माणूसच होऊन बसला. आयरिशमध्ये 'ताइग अन वारगी' म्हणजे शब्दशः बाजारातला ताइग, अर्थ काय तर आपला सोम्यागोम्या, रस्त्यावरचा कुणीही. आणि 'ताइग अन दा हीव' म्हणजे दोन्ही बाजूंचा ताइग, जो इकडे एक बोलतो तिकडे दुसरं, दुतोंड्या. कवी म्हणून नाव ठेवलं आणि म्हणींमध्ये जाऊन बसला सोम्या. कुठल्या नावाला एवढं आयुष्य मिळतं?

गोधडी:
हे सोम्यागोम्या भारी. पण शब्दखोर, मी बेलफास्टबद्दल वाचताना एक शिवी बघितली होती टी-ए-आय-जी अशी, भिंतींवर लिहिलेली. ती यातूनच का? तसं असेल तर ताईंना सांगायला हवं ना, मुलाचं नाव आहे शेवटी.

शब्दखोर:
बरोबर ओळखलंत, यातूनच. नाव इतकं कॉमन होतं की इंग्रजांनी सरसकट आयरिश माणसालाच 'टीग' म्हणायला सुरुवात केली, सतराव्या शतकातल्या इंग्लिश नाटकांत बावळट आयरिश नोकर असला की नाव टीगच. मुंबईत एकेकाळी घरगडी कुठल्याही गावचा असो, शेठ लोक त्याला 'रामा'च म्हणायचे, तेच हे. आणि हे समुद्रापलीकडेही गेलं. १७७० मध्ये बॉस्टनमध्ये इंग्रज सैनिकांनी गर्दीवर गोळीबार केला, त्या खटल्यात सैनिकांचे वकील होते जॉन अॅडम्स, हो, पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले तेच, आणि त्यांनी कोर्टात गर्दीचं वर्णन करताना आयरिश 'टीग' लोक असा शब्द सरळ वापरलाय. नंतर बाकी ठिकाणी तो मागे पडला, आयरिश माणसाला हिणवायला पॅडी आणि मिक ही नावं पुढे आली, पण उत्तर आयर्लंडात कॅथलिकांसाठी शिवी म्हणून टिकला आणि तिथे तो चांगलाच विखारी आहे, दंगलींच्या काळात भिंतींवर कॅथलिकांना मारा म्हणून लिहायचे त्यात हाच शब्द. म्हणून तुम्ही वाचलात ते खरं.

पण कॉर्कमधल्या पोराला याचा त्रास व्हायचं काही कारण नाही. शिवीचं स्पेलिंग वेगळं, उच्चारही 'टेग'कडे झुकतो. आणि रिपब्लिकमध्ये, म्हणजे कॉर्क-डब्लिनच्या स्वतंत्र आयर्लंडात, हे नाव सध्या जोरात आहे, सरकारी आकड्यांत गेल्या काही वर्षांत मुलांच्या पहिल्या दहा नावांत असतं. रग्बी बघणाऱ्यांना ताइग फरलाँग माहीत असेलच, वेक्सफर्डचा, आडदांड प्रॉप, आणि त्याच टीममध्ये ताइग बर्न. मॅचला इंग्लिश कॉमेंटेटरही निमूटपणे नीट म्हणतात.

कोकणवारा:
मग मधल्या काळात कुठे गेलं होतं? माझे एक जुने आयरिश बॉस होते, केरीचे, नाव टिमोथी. रिटायर होताना म्हणाले माझं खरं नाव ताइग, शाळेत टिमोथी झालं. तेव्हा मला काही समजलं नाही, टिमोथी आणि ताइगचा संबंध काय?

शब्दखोर:
संबंध काहीच नाही, सुरुवातीचा ट सोडून! टिमोथी ग्रीक, बायबलमधलं. पण इंग्रजी राज्यात कागदोपत्री नाव इंग्रजीत हवं, १८३१ पासून नॅशनल स्कूल्स निघाल्या त्या इंग्रजीतून शिकवणाऱ्या, चर्चमध्ये पाद्री लॅटिनमध्ये नोंद करणार तर तिथे थॅडियस. मग घरात ताइग, कागदावर टिमोथी किंवा थॅडी. आणि हे एकट्या ताइगचं नाही, दीरमिदचा जेरेमाया झाला, कोनरचा कॉर्नेलियस, दोनखाचा डेनिस. ओडोनोव्हन रॉसा म्हणून मोठे क्रांतिकारक, त्यांच्या १९१५ च्या अंत्ययात्रेला सगळं डब्लिन लोटलं होतं, ते इंग्रजीत जेरेमाया आणि आयरिशमध्ये दीरमिद. कॉर्क-केरीच्या जुन्या कबरींवर एवढे जेरेमाया नि टिमोथी दिसतात की वाटावं सगळे बायबल उशाशी घेऊन झोपायचे, प्रत्यक्षात निम्म्या ठिकाणी खाली दुसरं नाव आहे. १८९३ मध्ये गेलिक लीग, म्हणजे आयरिश भाषा जगवायला काढलेली संस्था, निघाली तिथून लोक हळूहळू मूळ नावांकडे वळले. आणि मला वाटतं आज या नावाचं जे आकर्षण आहे ते इथे आहे, सोपं स्पेलिंग करून ठेवायचा रस्ता उघडा होता, आय घालून लिहिता आलं असतं, पण आईबाप मुद्दाम ते अडचणीचं डीएच ठेवतात. विमानतळावर, कॉफीच्या कपावर, सगळीकडे पोराला जन्मभर स्पेलिंग सांगावं लागणार हे माहीत असून.

चिंचगूळ:
बापरे एवढं असेल वाटलं नव्हतं. आई विचारतेय, या नावाचं कुणी मोठं होऊन गेलंय का, म्हणजे रग्बीवाले सोडून. देवमाणूस वगैरे.

शब्दखोर:
आईंना सांगा भरपूर. पंधराव्या शतकातले ताइग मॅकार्थी म्हणून बिशप होते, स्वतःच्याच प्रांतात भांडणांमुळे त्यांना खुर्चीवर बसू दिलं नाही, रोमहून परत येताना १४९२ मध्ये इटलीत इव्रिया गावच्या धर्मशाळेत साध्या यात्रेकरूसारखे वारले. पुढे चर्चने त्यांना धन्य म्हणून मान्यता दिली. कवी हवा तर सोळाव्या शतकातला ताइग दाल ओ हिगिन, स्लायगोचा, दाल म्हणजे आंधळा, त्याने एका घराण्यातल्या लोकांवर बोचरी कविता केली म्हणून त्यांनी त्याची जीभ कापली अशी दंतकथा आहे. योद्धा हवा तर ताइग मोर ओ केली, १०१४ च्या क्लॉनटार्फच्या लढाईत आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू याच्या बाजूने लढताना पडला, आणि आख्यायिका अशी की समुद्रातून एक चमत्कारिक प्राणी बाहेर आला आणि नातेवाईक येईपर्यंत त्याच्या प्रेताची राखण करत बसला. केली घराण्याच्या चिन्हावर तो प्राणी अजून आहे. आणि पुराणात हवा तर तिकडच्या दंतकथांमधला वीर फिन मॅककूल, त्याचे आजोबा, आईचे वडील, ते द्रुइद, म्हणजे जुन्या धर्मातले पुरोहित, ताइगच. मुलीला पळवून नेलं म्हणून जावयावर राजाला घेऊन चालून गेले होते, तेव्हा आजोबा म्हणून आदर्श नाहीत, ते आईंना नका सांगू.

गोधडी:
😂 एक शेवटचं. हाक मारताना पण 'ताइग'च ना? की तिथेही काही टिंब आहे?

शब्दखोर:
आहे ना! आयरिशमध्ये हाक मारताना नावाचं पहिलं व्यंजन मऊ होतं, तचा ह होतो आणि आधी एक छोटा 'अ' लागतो. म्हणजे 'अ हाइग, इकडे ये'. आपण राम चा रामा करतो, शेवट बदलतो, ते सुरुवातही बदलतात. स्कॉटलंडमधलं हॅमिश हे नाव असंच तयार झालं, मूळ शेमस, हाक मारताना 'अ हेमिश', आणि इंग्रजी लोकांनी ती हाकच नाव समजून उचलली. पण हे आयरिश बोलणाऱ्या घरात. इंग्रजी बोलणारे आयरिश हाकेलाही ताइगच म्हणतात, त्यामुळे जावई घरात काय बोलतो ते आधी विचारा. आणि टीग, मॅकटीग, टाय ही आडनावं दिसली तर तीही याच्याच पोटातली, उत्तरेकडचे काही माँटेग्यूसुद्धा, ऐकायला फ्रेंच वाटतात पण मूळ 'मॅक ताइग', ताइगचा मुलगा.